पडती अक्षरं

दिवसभर लोकांचे दात उपटून झाले, की ताई कॉम्प्युटरवर टॅग लावायला बसायची. लिनक्स नावाच्या कॉम्प्युटर-प्रणालीच्या एका मोफत आवृत्तीच्या भांडारात हजारो प्रोग्राम. शोधणाऱ्याला ते सापडावेत म्हणून प्रत्येकाला टॅग लावायचे: चित्रकला, हिशेब, संगीत. लष्कराच्या भाकऱ्या, दुसरं काय! पण कॉलेजात असताना धाकट्या भावाबरोबर लागलेली सवय सुटत नव्हती.

आज त्या भावाचा, बारक्याचाच प्रोग्राम समोर आला. 'टॅग नाही. महिनाअखेर भांडारातून काढला जाईल.'

बाबा गेले आणि आईला नोकरीसाठी टायपिंग शिकणं भाग पडलं, तेव्हा बारक्याने तो लिहिला होता. पडद्यावर वरून अक्षरं पडायची, जमिनीला टेकण्याआधी ती टाइप करायची. मागच्या खोलीत एकच खुर्ची, कीबोर्डचं एक बटण निखळलेलं, आणि पंख्यापेक्षा मोठ्याने घरघरणारं ते कॉम्प्युटरचं खोकं. काय दिवस होते! हातात काही नव्हतं, तरी कशाची वाण वाटत नव्हती. पडद्यावर गुणांचा सगळ्यात मोठा आकडा कुणा 'अनामिक'चा असायचा. तो काही केल्या मोडायचा नाही, आणि भावंडं एकमेकांवर संशय घ्यायची.

पुढे प्रोग्राम भांडारात गेला. बारक्याने त्याला 'खेळ' हा टॅग लावला. ताईने तो काढून 'शिक्षण' लावला.

"आईच्या पोटापाण्याचा प्रश्न होता, आणि तुला खेळ वाटतो?"

"प्रोग्राम मी लिहिलाय, ताई."

शब्दाने शब्द वाढला. टॅगची सगळी सोयच ही, की एका वस्तूला दोनही लावता येतात. पण हट्टाला पेटलेल्यांना सांगणार कोण? शेवटी भांडार सांभाळणाऱ्यांनी वैतागून दोन्ही काढून टाकले. बारक्या परगावी गेला आणि त्याचे फोन 'बरं आहे, ठीक आहे'वर आले. अबोला नव्हता, पण बोलणंही उरलं नव्हतं. ताईला ते फार लागायचं.

आई आत भाजी निवडत होती. ताईने आडून आडून विचारलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची जुनीच खोड.

"आई, टायपिंग यायला तुला बराच वेळ लागला ना गं?"

"छे! पंधरवड्यात आलं की."

"मग पुढे वर्षभर त्या खोलीत काय करायचीस?"

आई चक्क लाजली. "खेळायचे. तुम्ही बाहेर पडलात की दार लावून घ्यायचे. बाबांची आठवण यायची गं. अक्षरं पडायला लागली की दुसरं काही सुचायचं नाही." मग भाजीकडे बघतच ती म्हणाली, "तो मोठा आकडा माझा."

ताईला हसू आलं आणि रडूही. तिने आधी 'खेळ' टॅग लावला, मग 'शिक्षण'. नियमाप्रमाणे दुसऱ्या कुणाची तरी मंजुरी लागायची. तिने ते बारक्याकडे पाठवलं आणि खाली लिहिलं, 'तुझंच बरोबर होतं. तो अनामिक म्हणजे आपली आई.'

फोन लगेच वाजला.

"आई? इतकी वर्षं मला वाटत होतं तूच!"

"आणि मला तू."

बारक्या हसत सुटला, अगदी मागच्या खोलीत हसायचा तसा. "दोन्ही मंजूर केलेत. आईला दे आधी."

आईने हात पुसून फोन कानाला लावला.

"काय रे बारक्या, मोडायचाय ना माझा आकडा? मग घरी ये की."