कड्या कुठल्या पाण्याच्या

हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात केदारीचा हात नावाजलेला होता. उभा जन्म फिटर म्हणून गेला, आणि आता निवृत्ती तोंडावर आली होती. बायको शेवंता दोन पावसाळ्यांपूर्वी गेली. एकुलती एक मुलगी दीक्षा दूर कॅनडात, कॅलगरी नावाच्या गावी, एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. नवनगरातलं दोन खोल्यांचं घर संध्याकाळी इतकं गप्प असे की केदारी कामावरून आला की आधी रेडिओ लावायचा आणि मग चपला काढायचा.

शेजारच्या पद्माक्का कुंपणापलीकडून रोज हाक मारून विचारायच्या, "ऊटा आतेन्री, अण्णा?" जेवलात का, एवढंच. तो हो म्हणायचा, जेवलेला असो वा नसो. कित्येक दिवस असे जायचे की घरी आल्यावर त्याला कुणी विचारलेलं तेवढंच.

मासे धरायचा नाद मात्र जुना. दीक्षा शाळेत असताना रविवारी तिला सायकलच्या नळीवर बसवून तो उणकलच्या तळ्यावर न्यायचा. बांबूची काठी, गळाला गांडूळ, आणि बाप-लेक पाण्याकडं बघत बसलेले. शेवंता दोघांवर चिडायची, पोर उन्हानं काळवंडली म्हणायची आणि आणलेले मासे झणझणीत करून वाढायची.

कॅनडात गेल्यावर दीक्षानं तिकडच्या नदीवरचा एक व्हिडिओ पाठवला होता. मांडीभर पाण्यात ती उभी होती. हातात लांब, लवलवती काठी, आणि डोक्यावरून एक पिवळी जाडसर दोरी चाबकासारखी मागं-पुढं उडत होती. गळाला गांडूळ नव्हतं, पिसं नि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी होती. माशीला वजन नसतं, दोरीलाच वजन असतं, आणि ती दोरीच फेकायची असते, हे केदारीला पुढं कळलं. शेवंता गेल्यानंतरच्या रिकाम्या संध्याकाळी त्यानं असले व्हिडिओ बघून बघून ती विद्या डोक्यात भरून घेतली. म्हणून, या डिसेंबरात मी येते, असं दीक्षानं फोनवर सांगितलं तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं, पोरीसाठी तसली काठी आपल्या हातानं बांधायची. तिला आधी काही सांगायचं नाही.

बंगळूरला चेतन नावाचा एकजण असल्या काठ्यांचं सुटं सामान विकतो, असं त्याला समजलं. चेतननं कोरी काठी पाठवून दिली. काळी, कार्बनची, चार तुकड्यांची, जोडली की माणसाच्या दीडपट. केदारीनं तिला मूठ बसवली, दोरी गुंडाळायच्या चक्रीची बैठक बसवली. राहिल्या त्या कड्या. चक्रीतून निघालेली दोरी शेंड्यापर्यंत ज्यांच्यातून धावते, त्या तारेच्या कड्या. चेतन त्यांना गाईड म्हणायचा, केदारीच्या तोंडी कड्याच होत्या.

कडी ती कडी, त्यात निवडायचं काय, असं केदारीला वाटत होतं. चेतननं कानडीत सगळं सविस्तर समजावलं. मुठीजवळची पहिली कडी मोठी नि आतून चिनीमातीची घ्यायची, म्हणजे सुसाट निघालेली दोरी घासत नाही. तिच्यावरच्या सगळ्या नुसत्या तारेला पीळ देऊन केलेल्या. त्या बारीक, हलक्या घेतल्या तर शेंडा चपळ राहतो, नजर जाईल तिथं दोरी पडते. मोठ्या घेतल्या तर वजनानं शेंडा जरा सुस्तावतो. पण जिथं कडाक्याची थंडी असते तिथं ओल्या दोरीबरोबर आलेलं पाणी कडीतच गोठतं, आणि बारीक कडी बर्फानं बुजून जाते. तिथं मोठ्याच हव्यात.

"तर कुठल्या पाण्यासाठी बांधताय, अण्णा?" चेतननं विचारलं.

केदारी म्हणाला, "इथल्याच."

त्याच्या मनात सगळं चित्र तयार होतं. कलघटगीच्या वाटेवर एक तळं होतं, तिथं चिलापी मिळत, एखादा मरळही लागे. डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात दीक्षा तिथं काठावर उभी राहील. ती परत जाताना काठी इथंच राहील, दाराआड उभी. काठी इथं असली की पुढच्या वर्षी तिला यावंच लागेल. हे शेवटचं त्यानं स्वतःशीसुद्धा नीट बोलून दाखवलं नव्हतं.

चेतननं दोन्ही तऱ्हेच्या कड्या पाठवल्या आणि नको त्या परत करा म्हणाला. केदारीनं बारीक कड्या घेतल्या. आधी त्या नुसत्या चिकटपट्टीनं लावल्या, अंगणात काठी वाकवून शेंड्याला वजन बांधलं आणि दोरी ओवून बघितली. दोरी कुठंही काठीला न टेकता तिच्या वाकाबरोबर गेली पाहिजे. टेकली की कडी बोटभर सरकवायची, पुन्हा वाकवायची. पद्माक्कांनी कुंपणावरून विचारलं की ही टीव्हीची एरियल आहे की काय. त्यानं हसून नाही म्हटलं, दीक्षासाठी आहे म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्याशी थोडं जास्त बोलला.

मग प्रत्येक कडीचे पाय त्यानं कानशीनं घासून पातळ केले, म्हणजे गुंडाळलेला दोरा त्यांच्यावर अलगद चढतो. निळ्या रेशमी दोऱ्याचे वेढे एकाला एक लागून, मधे फट न ठेवता घातले. संध्याकाळ कधी सरायची कळायचं नाही. रेडिओ लावायचा तो विसरून जायचा. शेवटी काठी डोळ्याशी धरून बघितली तर सगळ्या कड्या एका रेषेत, नळीतून बघावं तशा. दोऱ्यावर रोगण चढवायचं तेवढं राहिलं होतं. ते चढलं की काम पक्कं.

त्याच आठवड्यात दीक्षाचा फोन आला.

"अप्पा, या डिसेंबरला जमत नाही बघा." नवी नोकरी मिळाली होती, मोठ्या दवाखान्यात. पहिल्या वर्षी लांब रजा देत नाहीत. पुढच्या वर्षी नक्की येते, ती म्हणाली, आणि मग बराच वेळ त्या दवाखान्याबद्दलच सांगत राहिली.

केदारी म्हणाला की काम महत्त्वाचं, माझी काळजी करू नको. काठीचा विषय त्यानं काढला नाही. फोन ठेवता ठेवता एवढंच विचारलं, "तिकडं नदी गोठते काय गं?"

"काठ गोठतात. मधलं पाणी वाहतं. पण कड्यांत बर्फ धरतो, अप्पा. सारखा बोटांनी काढावा लागतो. बोटं सुन्न होतात अगदी."

"तरी जातेस?"

"जाते की."

पुढं कितीतरी दिवस काठी तशीच कोपऱ्यात उभी होती. केदारी तिच्याकडं बघायचा आणि नजर वळवायचा. त्याला राग आला होता. कुणाचा, ते धड सांगता आलं नसतं. एका रविवारी त्यानं ठरवलं, पुढच्या वर्षी येईल तेव्हा येईल, आपण रोगण चढवून टाकू. दोन बाटल्यांतलं रसायन मोजून वाटीत कालवलं, कुंचला हातात घेतला, काठी मांडीवर आडवी घेतली. आणि कुंचला तसाच हातात राहिला. डोळ्यांपुढं दीक्षाची बोटं येत होती. लहानपणी गळातून मासा सोडवताना ओली व्हायची ती नव्हेत. त्या परक्या मुलुखातली, लाल पडलेली, कडीतला बर्फ खरवडणारी बोटं. अशी तिची बोटं त्यानं कधी पाहिली नव्हती. पाहणारही नव्हता. भानावर आला तेव्हा वाटीतलं रोगण घट्ट होऊन दगड झालं होतं.

त्यानं वाटी टाकून दिली आणि ब्लेड आणलं. काठीला ओरखडा जाऊ नये म्हणून पातं कडीच्या पायावर टेकवून एकेक वेढा कापला. निळे दोरे फरशीवर पडत गेले. मग परत पाठवायच्या राहिलेल्या मोठ्या कड्या बाहेर काढल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सगळं पुन्हा. वाकवणं, सरकवणं, कानस, दोरा. या वेळी रोगणही चढवलं आणि सुकेपर्यंत काठी हातानं हळूहळू फिरवत बसला, म्हणजे ओघळ येत नाही. सुकल्यावर अंगणात झुलवून बघितली. शेंडा जड झाला होता. काठी थोडी आळसावली होती. बघू, चालेल, असं तो पुटपुटला.

लॅमिंग्टन रोडवरच्या कुरिअरच्या दुकानात त्यानं प्लास्टिकच्या पाइपात काठीचे तुकडे बंद करून नेले. तिथल्या बाईंनी आत काय आहे विचारलं. मासे धरायची काठी, तो कानडीत म्हणाला. एवढ्या लांब काठी कशाला पाठवता, तिकडं मिळत नाही काय, त्यांनी विचारलं. "मगळिगे," तो म्हणाला. मुलीसाठी. बाईंनी पाइपावर आणखी एक पट्टी गुंडाळून दिली.

घरी आला तर हातांना काम उरलं नव्हतं. पुन्हा रेडिओ सुरू झाला.

पार्सल पोचलं. दीक्षानं फोटो पाठवला, रडणारा नि हसणारा असे दोन्ही चेहरे पाठवले, अप्पा तुम्ही हे कधी केलं म्हणून विचारलं. त्यानं फुरसतीत केलं असं कळवलं. पुढं ती कामात बुडाली, फोन तुटक होत गेले, आणि काठीचं काय झालं ते त्यानं मुद्दाम विचारलं नाही.

मार्चमधल्या एका रविवारी उजाडता उजाडता फोन वाजला. केदारी दचकून उठला. पडद्यावर दीक्षा होती, कानटोपीत, मागं राखाडी नदी आणि काठावर बर्फ. तिच्याकडं संध्याकाळ होती.

"अप्पा, बघा. बर्फ धरतो, पण दोरी अडत नाही." तिनं काठी फोनसमोर धरली. निळ्या वेढ्यांवर पाण्याचे थेंब गोठलेले दिसले.

"शेंडा जड लागतो न्हवं?"

"थोडा. सवय झाली आता."

तो बाहेर येऊन पायरीवर बसला. दीक्षानं फेकून दाखवलं. दोरी मागं गेली, पुढं आली, पाण्यावर लांब पडली. फोन अजिबात हलत नव्हता.

"फोन कोण धरलंय?" त्यानं विचारलं.

"दगडावर ठेवलाय."

"बरोबर कोण हाय मग?"

ती दोरी गोळा करत होती.

"कोण नाही, अप्पा. मी एकटीच येते. सुट्टीच्या दिवशी खोलीत बसवत नाही. इथं निदान पाण्याचा आवाज असतो."

केदारीला वाटत आलं होतं की तिच्याभोवती माणसं आहेत. हसणारी, गाडीतून नदीवर नेणारी, डबे उघडून बसणारी. रोज झोपताना तो तिला त्या माणसांत ठेवून मग दिवा मालवायचा. निघून ये म्हणावं असं जिभेवर आलं, पण इथं तरी काय होतं?

"टाक अजून," तो म्हणाला. "मी बघतोय."

तिनं मान हलवली आणि पुन्हा काठी उचलली. नवनगरात उजाडत गेलं, तिच्याकडं अंधारत गेलं. दोरी दिसेनाशी झाली तरी काठीचा सपकारा ऐकू येत होता. मासा एकही लागला नाही. मग ती फोनजवळ आली, हातावर फुंकर घालत म्हणाली की गारठले, आता जाते.

"पुढच्या आठवड्यात येणार काय नदीवर?" केदारीनं विचारलं.

"येईन."

"निघालीस की फोन लाव. मी उठून बसतो."

"बरं, अप्पा."

त्यानं फोन बंद केला नाही. तिनंच केला.