शाळेजवळ पंचवीस

कर्जत-कशेळे लायनीवर धाकलू बावीस वर्षं जीप चालवत होता, आणि बावीस वर्षांत त्याच्या गाडीखाली कोंबडंही आलं नव्हतं. ही गोष्ट तो नव्या पॅसेंजरला पहिल्या दोन किलोमीटरमध्येच सांगून टाकायचा. त्यामुळे गुरुवारी दुपारी मोबाईलवर चलान आलं तेव्हा त्याला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी चुकून आपल्याकडे आलंय.

त्याची मुलगी अक्षदा नुकतीच कॉलेजमधून आली होती. तिनं मेसेज उघडून फोटो मोठा केला. जीप त्याचीच होती. पुढच्या काचेवरचं 'एकविरा आई प्रसन्न' स्वच्छ वाचता येत होतं.

"कशेळ्याच्या अलीकडची शाळा आहे ना, तिथलं आहे," ती म्हणाली. "शाळेजवळ पंचवीसची मर्यादा. तुमचा स्पीड त्रेपन्न."

"त्रेपन्न म्हंजे काय स्पीड हाय?" धाकलू उसळला. "ते फार्महाऊसवाले शंभरनं जातात, ते दिसत नाय त्यांना? आन् पंचवीस लिवलंय कुठं? मी रोज जातो तिथनं. बोर्ड नाय तिथं."

दुसऱ्या दिवशी स्टँडवर कळलं, चलान अकरा जणांना आलं होतं. पोलिसांची कॅमेऱ्याची गाडी वडाच्या आडोशाला उभी होती म्हणे. लायनीचा कारभार नीलेश बघायचा. कुठल्या गाडीचा नंबर कधी, हे तोच ठरवायचा. तो बोनेटवर हात आपटून म्हणाला, "एकानंही भरायचा नाय. बोर्ड नाय तर दंड कसला? फोटो काढून आणा, आपण सगळे मिळून तक्रार टाकू."

"फोटो मी आणतो," धाकलू म्हणाला. "माझ्या पोरीला मोबाईलवरचं सगळं कळतं. आन् मला नुसतं माफ करून नको. त्यांनी लिवून द्यायला पायजे, धाकलूची चूक नाय म्हणून."

शनिवारी सकाळी तो अक्षदाला घेऊन निघाला. भातं कापून झाली होती, खाचरं मोकळी पडली होती, आणि मुंबईकडच्या गाड्या एकामागून एक मुरबाडच्या दिशेनं चालल्या होत्या. शाळेच्या अलीकडे त्यानं जीप कडेला घेतली. दोघं रस्त्याच्या कडेनं चालत गेले.

खांब होता. खांबावर बोर्डही होता. पण त्याच्यापुढे बांबूच्या चौकटीवर ताणलेला भलामोठा बॅनर तारेनं आवळून बांधला होता. कुणा भाऊंना वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. वाढदिवस होऊन दोन महिने झाले होते. भाऊ मधोमध हात जोडून उभे, आणि खाली शुभेच्छा देणाऱ्यांचे पासपोर्ट फोटोएवढे चेहरे ओळीनं.

अक्षदानं मागून फोटो काढला, पुढून काढला, लांब जाऊन जीपच्या सीटवरून दिसतं तसाही काढला. "पप्पा, झालं काम. हे चलान रद्दच होणार."

धाकलू मोठ्यांदा हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला हलकं वाटलं.

तेवढ्यात शाळा सुटली. शनिवारची सकाळची शाळा, साडेअकराला सुटायची. फाटकातून आधी सोनाबाई बाहेर आली. ती शाळेत खिचडी शिजवायची. पोरांना रस्ता ओलांडून देणं तिचं काम नव्हतं, तिला कुणी सांगितलंही नव्हतं. तरी ती हातात जुन्या लाल साडीचा तुकडा घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली, आणि पोरं तिच्या पाठीमागे गोळा झाली. तिनं फडकं वर केलं. एक पांढरी गाडी न थांबता सपकन निघून गेली. सोनाबाईनं दोन्ही हात मागं पसरून पोरांना रेटलं, शिवी हासडली आणि पुन्हा फडकं वर केलं.

मग तिचं लक्ष धाकलूकडे गेलं. "आज इथं कसा रं? गाडी बिघडली काय?"

"नाय गं सोनाबाय, जरा काम हुतं." तो पोरांकडे बघून हसला. "ही सगळी मला वळखतात. लांबनंच हात करतात."

"वळखतात तर. तुझा हॉर्न वळखतात. मीच शिकवलंय त्यांना. हा लांबलचक हॉर्न वाजला की रस्ता सोडून गटारापाशी व्हायचं, ही जीप थांबत नाय."

धाकलूला वाटलं ती थट्टा करतेय. तिच्या पदराला धरून एक दोन वेण्यांची पोरगी उभी होती. त्यानं वाकून तिला विचारलं, "खरं काय गं?"

पोरगी एक पाऊल मागं सरकून सोनाबाईच्या आड गेली.

"बोर्ड दिसत नव्हता गं," धाकलू सोनाबाईला म्हणाला. "बघ ना, बॅनर लावलाय."

"मला कशाला सांगतोस? मी काय पोलीस हाय?" ती म्हणाली आणि फडकं उंच धरून रस्त्यात उतरली.

पोरं पलीकडे गेली, पांगली. धाकलू तिथंच उभा होता. त्याला दिवाळीच्या आधीची एक गोष्ट आठवली. इथंच, याच वळणावर, एक पिवळी पाण्याची बाटली गडगडत रस्त्यावर आली होती, आणि तिच्यामागं एक पोर. त्यानं स्टिअरिंग मारून गाडी काढली होती, आणि खिडकीतून त्या पोराला आईवरून शिवी दिली होती. मग स्टँडवर जाऊन आपल्या हाताची सफाई सगळ्यांना रंगवून सांगितली होती. सगळे हसले होते. ते पोर मुलगा होतं की मुलगी, हे आता त्याला काही केल्या आठवेना.

तो जीपकडे गेला आणि सीटखालून पकड काढून आणली.

"पप्पा, काय करताय?" अक्षदा मागं धावली. "हा पुरावा आहे आपला. सोमवारपर्यंत तरी राहू द्या. कुणी बघायला आलं तर?"

"सोमवारपर्यंत किती गाड्या जातील हितनं?"

त्यानं एकेक तार तोडली. शेवटची तुटली तशी चौकट कलंडली आणि भाऊ हात जोडून पालथे पडले. मागचा बोर्ड धुळीनं भरला होता. धाकलूनं जीपमधलं फडकं मारलं तेव्हा पळणारी दोन पोरं दिसली, आणि त्यांच्याखाली पंचवीसचा आकडा.

पानटपरीवाल्यानं फोन केला असावा. दहा मिनिटांत किरण बुलेटवरून आला. बॅनरच्या तळाशी जे चेहरे होते त्यात गॉगल घातलेला तिसरा चेहरा त्याचा होता.

"कोणाला विचारून काढला?"

"कोणाला नाय."

"कोणाचा बॅनर हाय, माहीत हाय ना?"

"हाय की. नाव लिवलंय एवढं मोठं."

"परत लाव."

"नाय लावणार." धाकलूच्या हातात पकड तशीच होती. आवाज त्यानं चढवला नव्हता. "त्या झाडाला लाव, टपरीला लाव, तुझ्या दारात लाव. ह्या खांबाला लावलास तर मी परत तोडणार. रोज लाव, मी रोज तोडीन. आठ वेळा जातो मी हितनं."

किरण पुढं आला तशी अक्षदा बापाच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं मोबाईल समोर धरला होता. "बोला ना," ती म्हणाली. "शाळेच्या बोर्डावर बॅनर लावायची परवानगी कोणी दिली, तेही सांगा."

किरणनं मोबाईलकडे बघितलं, मग रस्त्याकडे. सोनाबाई पलीकडून सावकाश येत होती. ती येऊन बॅनरच्या कडेला उभी राहिली. "न्यायचा नसल तर मला राहू दे. माझी लाकडं दवानं भिजतात," ती म्हणाली.

किरणनं बॅनर गुंडाळला आणि बुलेटवर आडवा टाकला. "लायनीवर कसा धंदा करतोस ते बघतो," तो धाकलूला म्हणाला आणि गेला.

त्यानं ते करून दाखवलं. संध्याकाळी धाकलू स्टँडवर पोचला तेव्हा नीलेश खाली मान घालून बोलला, "दादा, वरनं फोन आला हुता. आठ दिवस तुमचा नंबर लागायचा नाय. माझा इलाज नाय. बरं, फोटो आणलात ना?"

"आणलाय. अक्षदा पाठवंल सगळ्यांना. बोर्ड झाकला हुता हे खरं हाय, ज्याला तक्रार टाकायची त्यानं टाकावी. माझा दंड मी भरला."

"भरला?" नीलेशनं मान वर केली. मागं बसलेले तिघं-चौघं उठून आले. "अवो, पुरावा हातात असून भरला? म्हंजे आमी चोर आन् तुमी साव?"

"तुमचं मला काय म्हायत? मी त्रेपन्ननं जात हुतो आन् शाळा मला दिसत हुती. बोर्डाची काय गरज हुती मला?" तो नीलेशकडे वळून म्हणाला, "आन् आठ दिवस काय, महिनाभर बसव. नवव्या दिवशी मी येणार."

आठ दिवस त्यानं भाताचे पेंढे वाहिले, भिवपुरीला एका लग्नाची भांडी पोचवली. अकरांपैकी चार जणांचं चलान रद्द झालं, बाकीच्यांचं नाही. का, ते कुणालाच कळलं नाही. बॅनर दुसऱ्या आठवड्यात पुन्हा लागला, पण टपरीच्या भिंतीवर.

नवव्या दिवशी धाकलू कशेळ्याहून भरलेली जीप घेऊन निघाला. शाळा भरायची वेळ होती. वळण आलं तसा त्यानं गिअर खाली टाकला आणि काटा पंचवीसवर आणला. हॉर्नला हात लावला नाही. मधल्या सीटवरचा एक जण घड्याळ बघत होता.

"ओ, जरा दाबा की! माझी लोकल जाईल."

"जाईल. मागनं दुसरी हाय."

"मग मी उतरतो."

"उतर. पन शाळेच्या पुढं. हितं मधी थांबवणार नाय."

मागं लायनीवरच्याच पोशाची जीप होती, तिच्यामागं टेंपो, त्यामागं कुणाच्या तरी मोठ्या गाड्या. सगळे हॉर्न वाजवत होते. रस्ता अरुंद, ओव्हरटेकला जागा नाही. धाकलू रस्त्याच्या मधोमध, कुठल्याच बाजूला न सरकता, शाळेची भिंत संपेपर्यंत तसाच गेला.

कर्जतला पोशानं त्याच्या दारावर थाप मारली. "काय रं, आज बैलगाडी आणलीस काय?"

"उद्या पन आणणार हाय," धाकलू खाली उतरत म्हणाला. "मागं राहायचं नसल तर माझ्या आधी नंबर लाव."