वारेवरची गाठ

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी सकाळी, मी जन्मले तेव्हा पुरलेल्या माझ्या वारेला आणखी एक शीर फुटली. न्हाणीच्या फरश्यांमधून ती वर आली आणि स्वयंपाकघरात पोहोचली. आई चहा गाळत होती. तिने शिरेवर दोन बोटं ठेवली, घड्याळाकडे बघत ठोके मोजले.

"एकशे चाळीस. छान चाललंय."

आई तालुक्याच्या दवाखान्यात बाळंतपणं करणारी नर्स. प्रत्येक वार ताटात पसरून दोन्ही बाजूंनी बघायची. माझ्या वेळी तर स्वतःच्याच बाळंतपणात कोपरावर उठून बघितली. तिच्यावर मोसंबीएवढी लाल गाठ होती. साधीच, नुसत्या रक्तवाहिन्यांची; पण बाळाचं रक्त ती आपल्याकडे ओढते आणि त्याच्या हृदयाला दुप्पट राबावं लागतं. मी जगले. बाबांनी रिवाजाप्रमाणे वार न्हाणीमागे पुरली. नाळेचं माझ्याकडचं टोक आईने बांधलं होतं. वारेकडचं बांधायचं राहिलं.

"कसली कारागीर आहे गं," आई म्हणाली. "कुणी टाका शिकवला नाही, तरी बघ कशी विणत्येय."

"माझं रक्त पिऊन."

"मोठी आली रक्तवाली! शिकायला सोलापूरला गेलीस, तेव्हा तिला कुणी पाजलं?"

तिने बांगड्या मागे सारल्या. एक जुनी शीर तिच्या मनगटात शिरली होती. जोड कुठे दिसत नव्हता.

मी चहा प्यायले. संध्याकाळपर्यंत भिंती शिरांनी भरल्या. इतकं सुबक काम मी पाहिलं नव्हतं. एकही शीर दुसरीला दुखावत नव्हती. खोली उबदार झाली, आणि लहान.

सकाळी खाटेच्या तिन्ही बाजूंना भिंती टेकल्या होत्या. आई पांढरी पडली होती. मी कात्री घेऊन चौथ्या बाजूने आत सरकले.

"कापते, आई."

"ठेव ती. मला सोडलं की शीर तुझ्याकडे येणार. मी आहे तोवर राहू दे."

"आणि नंतर?"

"नंतर बसून घे. उभ्याने चक्कर येते."

तिने भिंतीवर दोन बोटं टेकवली आणि मोजू लागली. सदतीसला थांबली.

शीर तिच्या मनगटातून अलगद बाहेर आली. टोक ओलं होतं. ते हवेत जरा थबकलं, मग माझ्याकडे वळलं. भिंत पाठीला लागली. मी खाली बसले, बाही वर केली.

"आई," मी मोठ्याने म्हणाले, "सोलापूरला मी कधीच दमले नाही. तेव्हापासून मला माहीत होतं."