आज्ञा, सेनापती!

मयताचा पुढचा दात दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पडला. पण ते असो. तसं काही झालेलंच नाही. आत्ता कुठे दोन वाजतायत, दात जागच्या जागी आहे, आणि मयत मेकअपच्या खोलीत आरशासमोर बसून आयुष्यातला पहिला संवाद घोकतोय: "आज्ञा, सेनापती!"

त्रेचाळीस सिनेमांत तो मेला होता. भाल्याने, तोफेने, एकदा तर घोड्याखाली. म्हणून नाव पडलं मयत. बायकोही भर बाजारात त्याच नावाने हाक मारायची. लोक वाट करून द्यायचे. चव्वेचाळिसाव्यात मात्र मरण्याआधी बोलायला मिळणार होतं. दोन शब्द.

शेजारी बायकोचा धाकटा भाऊ तलवारी पुसत होता. हा फाइट मास्तर.

"भाऊजी, तुम्हाला दोघांनी मारलंय. त्या थोरल्या नटानेही, आपल्या या नव्यानेही. खरं सांगा, सेनापती कोण शोभतो?"

"थोरला. नुसता हातमोजा काढायचा, एकेक बोट, सावकाश. चौथ्या बोटाला मी आपोआप मेलो, तलवार लागलीच नाही. तुझ्या या नव्याने लाथा घालून माझ्या दोन बरगड्या मोडल्या आणि कॅमेरावाल्याला विचारतो, केस नीट दिसतायत ना?"

"त्या लाथा मी बसवल्यात!"

"तरीच गाढवाच्या वाटतात."

मेहुण्याने नात्याचा मान राखून तलवार खाली ठेवली आणि स्टूल उचललं. ते मयताच्या खांद्यावर फुटलं. मयताने थोरल्याचं स्मरण करून शांतपणे हातमोजा काढायला घेतला. तिसऱ्या बोटापर्यंत मेहुण्याने त्याचं डोकं आरशात घातलं. मग मयताने थोरल्याचा नाद सोडला आणि मेहुण्याचा कान चावला. पाळी तुटून पावडरच्या डब्यात पडली.

"बघा! आता कसे नव्यासारखे लढताय!" मेहुणा आनंदाने किंचाळला आणि तलवारीची मूठ थेट तोंडावर हाणली.

दोन वाजून दहा मिनिटं.

मेकअपवाला धावत आला. फरशीवरचं रक्त त्याने बोटावर घेऊन पाहिलं. "हे नाही चालणार. खोटं वाटतं," म्हणाला, आणि दोघांना बाटलीतलं फासलं.

शॉट लागला. समोर घोड्यावर नवा सेनापती, मागे पाचशे सैनिक. मयताने छाती फुगवली.

"आज्ञा, शेणापती!"

"कुठल्या गोठ्याचे?" मागून एक सैनिक म्हणाला, आणि सगळी फौज हसून फुटली.

सातव्या टेकला, सातव्या 'शेणापती'ला, नव्या नटाने घोड्यावरून उडी मारून मयताला खरोखरच तुडवला. तिसरी बरगडी गेली. दिग्दर्शक खूश. त्याने लाथ ठेवली, संवाद कापला.

संध्याकाळी तोंडात कापूस धरून मयत अर्ज लिहायला बसला. लिहायला दात लागत नाही.

"प्रति, सेना मुख्यालय. विषय: हुद्द्याचे नाव बदलणेबाबत. महोदय, सदर हुद्द्याच्या पहिल्या अक्षरामुळे अर्जदाराचा एकमेव संवाद बाद झाला आहे. तरी सर्व देशांतील व सर्व काळांतील सेनापतींना 'स' नसलेले नाव मागील तारखेपासून लागू करावे, आणि तोपर्यंत चालू असलेली सर्व युद्धे तहकूब ठेवावीत, ही नम्र विनंती."