फणसाच्या लाकडाचा बाबली

पार्से गावातल्या सगुणच्या पडवीत फणसाच्या लाकडाचा बाबली उभा राहिला, तेव्हापासून सव्वीस माणसं बघून गेली. त्यांतल्या चौघांनी काम बघितलं, बाकीच्यांनी शेवंतीचं कपाळ. बाबली हा सगुणचा धाकटा भाऊ, शेवंती त्याची बायको. सात महिन्यांपूर्वी त्याची होडी मोरजीच्या किनाऱ्याला फुटकी लागली. बाबली लागलाच नाही.

सगुणने जन्मभर लोकांच्या दारांवर मोर आणि वेली कोरल्या. माणूस असा पहिल्यांदाच उतरला होता, दोन्ही हातांनी दोर ओढणारा. पणजीच्या प्रदर्शनासाठी त्याची निवडही झाली होती. शनिवारी टेम्पो यायचा होता.

गुरुवारी भटजी म्हणाले, देह मिळत नाही, तर दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या.

"गवत कशाक?" आईने पडवीकडे बोट केलं. "तोंडासकट उभो आसा न्हय घरात!"

सगुण म्हणाला, पणजीला शब्द दिलाय. शिवाय शास्त्रात दर्भच सांगितलाय. शास्त्र त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच आठवलं, हे आईने ताडलं. भटजींनी पंचांग मिटलं.

शेवंती आतून बाहेर आली. "भावजी, ह्यो पणजेक जावन उभो रवलो, तर लोक तुमची वाहवा करतीत. मी काय करू? कुंकू लावू की पुसू?"

सगुणने टेम्पोवाल्याला शनिवारी येऊ नको म्हणून कळवलं.

शुक्रवारी सकाळी बाबलीला नवं धोतर नेसवलं. खांदेकरी कुजबुजले, खरा एवढा जड नव्हता. घरामागच्या बागायतीत सगुणने अग्नी दिला. धोतर भुर्रकन गेलं, बोटं गेली, दोर गेला. पण धड जाड. वरून कोळसा धरला आणि आत आग शिरेना. दोन वाजेपर्यंत सोबत आलेल्या चौदांतले पाच जण उरले. तोंड तसंच होतं, फक्त नाक काळं झालेलं.

"बरो पक्को केलंस रे," उरलेल्यांतले कृष्णनाथमामा म्हणाले. "आता तूच फोड."

कुणीतरी कुऱ्हाड आणून हातात दिली. कपाळातून लाकडाच्या रेषा कशा उतरतात, हे सगुणइतकं कुणाला ठाऊक? नेमका घाव बसला तर एका फटक्यात दोन फाळ्या. त्याने पाय रोवले, कुऱ्हाड उचलली.

मागच्या पायरीवरून आई ओरडली, "हळू मार रे, लागात त्येका!"