जागा नाही

तान्ह्या लेकीला, नित्याला, मांडीवर थोपटत लावण्या एका हाताने टाइप करत होती, तेवढ्यात शेषम्मा दारात येऊन धपकन पायरीवर बसली. शेषम्मा म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. ओरत्तनाडू या तिच्या गावाहून सकाळच्या बसने आली होती.

"घरच्या लग्नाच्या गडबडीत माझी डायलिसिसची पाळी चुकली गं. आज बदली जागा मिळेल म्हणून निघाले, तर बसमध्येच फोन म्हणतो, जागा नाही. तुझ्याच कंपनीचं ना हे अ‍ॅप? मग जागाही तूच करून दे की! लग्नातही सगळ्यांच्या पानात पायसम, आणि पथ्यामुळे माझ्या वाट्याला नुसतं बघणं."

ती हसली खरी, पण वाक्याअखेर धाप लागली. पाय सुजून चपलेबाहेर आले होते.

डायलिसिस केंद्रातल्या रिकाम्या खुर्च्यांची माहिती ज्या सर्व्हरवरून यायची, तो गेल्या आठवड्यात सारखा अडत होता, आणि त्याला पुन्हापुन्हा विचारून सगळं अ‍ॅपच गोठत होतं. म्हणून लावण्यानं अ‍ॅपमध्ये 'सर्किट ब्रेकर' नावाची सोय बसवली होती: काही वेळा उत्तर आलं नाही की विचारणं थांबवायचं, आणि मग थोड्या थोड्या वेळाने एकदाच विचारून बघायचं. पण मधल्या वेळात रुग्णाला काय दाखवायचं? त्या दिवशी नित्या दातांनी हैराण होऊन रडत होती. लावण्यानं घाईत रिकामी यादी ठेवली आणि नंतर बदलू म्हणून लॅपटॉप मिटला. रिकामी यादी आली की अ‍ॅप लिहायचं: आज जागा नाही.

तिनं केंद्राला फोन लावला.

"सकाळपासून दोन खुर्च्या रिकाम्या आहेत, मॅडम," नर्स म्हणाली. "आज कुणी फिरकलंच नाही. लगेच पाठवा."

मग जयतीर्थला, तिच्या टीमच्या प्रमुखाला, आणि काय झालं ते सांगितलं.

"अगं, ग्राफ बघितलास? एक एरर नाही, एक तक्रार नाही! ग्राहक खूश आहेत."

"तक्रार कोण करणार, अण्णा? 'जागा नाही' वाचून रुग्ण घरी परत गेले. चूक माझी आहे. आत्ताच बदलतेय."

"उद्या डेमो आहे, लावण्या. आज हात लावू नकोस."

"लावतेय," ती म्हणाली. नित्या खांद्यावर चुळबुळत असतानाच तिनं नवं वाक्य घातलं: माहिती मिळत नाही, कृपया केंद्राला फोन करा. मग ऑटो बोलावली.

केंद्रात नळ्या जोडून झाल्या तशी शेषम्मा नर्सला म्हणाली, "ही आमची सून. हिनं जागा मिळवून दिली."

"मिळवून नाही दिली, मावशी. जागा होती. माझ्यामुळे ती तुम्हाला दिसली नाही."

शेषम्मा रागावली नाही. रागावली असती तर लावण्याला बरं वाटलं असतं.

"माझ्यासारखे आणखी किती गं?"

लावण्यानं शेषम्माशेजारी बसून नित्याला मांडीवर घेतलं, लॅपटॉप उघडला आणि आज कोणी कोणी जागा शोधली होती ते काढलं. नावं तिला वाटलं होतं त्याहून जास्त निघाली. तिनं पहिला नंबर लावला.

"नमस्कार, अम्मा," ती तमिळमध्ये म्हणाली. "सकाळी जागा नाही म्हणून तुम्ही परत गेलात का? आता येता येईल? ऑटो मी पाठवते."