दिवा बंद, सात वाजून दहा मिनिटं

वेंडेल ट्रुइटने आयुष्यभर गावात बूट विकले आणि निवृत्त झाल्यावर त्याला इतिहास सुचला. लेंपी कांगसच्या मते त्याला बुटांतलंसुद्धा काही कळत नव्हतं. तिच्या गळ्यात त्याने एकदा एक नंबर लहान जोडी मारली होती, आणि वर "सैल होतील हो वापरून," असं सांगितलं होतं. आता हा अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला गृहस्थ डोक्यावर दीपगृहाच्या रखवालदाराची नकली टोपी चढवायचा आणि डेट्रॉइटहून आलेल्या मंडळींना बेलोस पॉइंटच्या मनोऱ्यावर चढवायचा.

ती मंडळी तरी काय लायकीची! अर्धीअधिक चपला घालून आलेली, सुपीरियर सरोवराच्या वाऱ्याला उन्हाळ्यातही कुडकुडणारी. एकाने तर विचारलं, "हे पाणी खारं असतं का?" तळ्याचं पाणी, म्हणे खारं! लेंपीने पाठ फिरवली. उत्तर द्यायच्याही योग्यतेचा नव्हता तो.

ती आली होती बापाचा कोट टाकायला. पितळी बटणांचा, निळा, सरकारी. दीपगृहात आता संग्रहालय होतं, त्याला तो हवा होता आणि तिला तो घरात नको होता.

आर्वो कांगस हा तिचा बाप इथला रखवालदार. लेंपी मनोऱ्याला लागूनच्या घरात जन्मली आणि सोळाव्या वर्षापर्यंत इथेच वाढली. ती तीन वर्षांची असताना, नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, रात्री आठच्या सुमारास 'हॅना स्पूनर' नावाचं गव्हाचं जहाज इथल्या खडकावर फुटलं. नऊ माणसं गेली. वादळ होतं, बर्फ होतं. पुढची पन्नास वर्षं गावाने वादळालाच दोष दिला. मग दहा वर्षांपूर्वी वेंडेलने पुस्तिका छापली. रखवालदार झोपला, दिवा बंद पडला, आणि 'दिवा बंद' अशी नोंद खुद्द त्याच्याच हस्ताक्षरात आहे!

हस्ताक्षराचं नाव निघाल्यावर लेंपीने ते खरं मानलं. नऊ जीव घेऊन हा माणूस पुढे तेरा वर्षं आपल्यासोबत पत्ते खेळला, कॉफीत पाव बुडवून खाल्ला, आणि एका शब्दाने बोलला नाही? तिला बापाची किळस आली. त्याच्या थडग्यावर दर वसंतात ती फुलं ठेवायची, ते बंद केलं. नाव विचारलं की 'कांगस' जरा हळूच सांगायची.

"या, या लेंपीबाई!" वेंडेल ओरडला. "मंडळी, या रखवालदाराच्या कन्या बरं का! बिचाऱ्या."

"बिचारी तुझी म्हैस," लेंपी म्हणाली. "कोट कुठे टाकू ते सांग."

पण वेंडेलला प्रेक्षक सापडले होते. तो काचेच्या पेटीपाशी गेला. आत नोंदवही उघडी होती, वर काळी मखमल अंथरलेली आणि मखमलीला एकाच ओळीपुरती खिडकी कापलेली. लेंपीने ती वही कधी पाहिली नव्हती. पाहायची इच्छाही नव्हती.

"वाचतो हं," वेंडेलने आवाज खाली आणला. "नऊ नोव्हेंबर. सात वाजून दहा. दिवा बंद. पडदे ओढले." तो थांबला. "पडदे ओढले, मंडळी! दिवा बंद पडला, तिकडे जहाज येतंय, आणि हा आपलं पाप झाकायला पडदे ओढतोय!"

एक बाई "अगं बाई गं" म्हणाली.

लेंपीच्या हातातला कोट खाली पडला.

"काय ओढले म्हणालास?"

"पडदे."

"आणि संध्याकाळी ओढले?"

"सात दहाला. लिहिलंय की."

"अरे गाढवा," लेंपी म्हणाली, "पडदे सकाळी ओढतात! सूर्य वर आला की दिव्याच्या भिंगातून ऊन आत येतं आणि आग लागते. म्हणून दिवा बंद करायचा आणि पडदे ओढायचे. रोज! ही सकाळची नोंद आहे. काढ ती मखमल."

"अहो, ती चिकटवलीय..."

"काढतोस की फोडू काच?"

त्याने कुलूप उघडलं. लेंपीने मखमल टरकावली. आठ नोव्हेंबर, सात नऊ, दिवा बंद, पडदे ओढले. सात नोव्हेंबर, सात आठ, दिवा बंद, पडदे ओढले. आणि नऊ तारखेच्या त्याच ओळीखाली: चार अठ्ठेचाळीस, दिवा लावला. बर्फ, भोंगा सुरू. त्याखाली: रात्रभर वरच. दिवा चालू. समोरचं काही दिसत नाही.

"म्हणजे तुमचा रखवालदार रोजच झोपायचा का हो?" मघाची बाई वेंडेलला म्हणाली, आणि दोघंतिघं हसले.

वेंडेलने टोपी काढली. "मी बाकीच्या ओळी वाचल्याच नाहीत. या ओळीत गोष्ट होती ना." मग घाईघाईने म्हणाला, "फलक बदलतो. पुस्तिकाही बदलतो. चूक कुणाचीही झाली असती, लेंपीबाई."

"तुझी झाली त्यात नवल काय! तुला पायाचं माप कळलं नाही, तुला हे काय कळणार?" ती बाकावर बसली. त्या बाईने तिच्या खांद्याला हात लावला, तो तिने झटकला.

"मी सोळा वर्षं हे ऐकत उठले. बाबा जिना उतरून यायचे आणि आईला सांगायचे, दिवा बंद. मग आई कॉफी ओतायची. रोज, वेंडेल. तुझी पुस्तिका हातात घेऊन मला हे एकदा तरी आठवायला हवं होतं, एकदाच. मी तुझं ऐकलं आणि माझ्या बापाला खुनी ठरवलं."

"आता नाव साफ झालं ना त्यांचं," वेंडेल म्हणाला.

"त्यांचं झालं," लेंपी म्हणाली. "माझं काय?"